पुणे घडवणाऱ्या स्त्रिया : शाळेपासून नगरपालिकेच्या दारापर्यंत

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, आणि तसे म्हणताना बहुतेकांच्या मनात फर्ग्युसन, डेक्कन, स. प. ही महाविद्यालये आणि त्यांच्याशी जोडलेली मोठ्या पुरुषांची नावे येतात. स्त्रियांची नावेही येतात, पण ती एका ठरलेल्या क्रमाने : जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवले, अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. यात खोटे काहीच नाही आणि त्या पुरुषांचे मोठेपण कमी करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मात्र ही सगळी गोष्टींची सुरुवात झाली. शिकलेल्या या स्त्रियांनी पुढची वीस, तीस, चाळीस वर्षे काय केले, संस्थांसाठी वर्गणी कुणी गोळा केली, मुलींना घरातून शाळेपर्यंत आणण्यासाठी कोण दारोदार फिरले, कलेक्टरपुढे आणि नगरपालिकेपुढे कोण उभे राहिले, हा भाग पाठ्यपुस्तकांत आणि जयंतीच्या भाषणांत दोन ओळींत आटोपतो. मला त्याच भागाविषयी लिहायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की पुण्यात मुलींची शाळा, स्त्रियांची सेवासंस्था आणि नगरपालिकेचा कारभार हे तीन वेगवेगळे विषय कधीच नव्हते. शिकलेल्या बाईला काम हवे होते. ते काम समाजाने सहजासहजी दिले नाही, म्हणून ते सेवेच्या नावाने उभे करावे लागले. आणि सेवा करता करता तिच्या लक्षात येत गेले की शहराच्या तिजोरीवर आणि निर्णयांवर आपलाही हक्क आहे. प्रत्येक पिढीने हा प्रवास पुन्हा केला, आणि प्रत्येक पिढीत तो थोडा पुढे गेला.

सुरुवात अर्थातच सावित्रीबाई फुल्यांपासून. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. ती शाळा काही महिन्यांतच बंद पडली, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. जोतीरावांना आणि त्यांना सासरचे घर सोडावे लागले, उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला, आणि १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा उभी राहिली. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. एक शाळा बुडाल्यावर चार वर्षांच्या आत तीन शाळा चालवणे म्हणजे केवळ धैर्य नव्हे. शिक्षिका शोधायच्या, जागा मिळवायच्या, पालकांची समजूत घालायची, वर्गांचा अभ्यासक्रम बसवायचा आणि परीक्षा घ्यायच्या, असे ते रोजचे, कष्टाचे आणि बरेचसे कंटाळवाणे काम होते. सगुणाबाई क्षीरसागर आणि उस्मान शेख यांच्या घरातील फातिमा शेख या त्या कामातल्या सहकारी. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे लिहिले आहे. एक मुख्याध्यापिका आजारी असताना दुसरी शाळेचा भार वाहते आहे आणि पहिलीला त्याची जाणीव आहे, हे त्या एका वाक्यातून दिसते. फातिमाबाईंविषयी फार थोडी कागदपत्रे हाती आहेत, त्यामुळे हे एक वाक्य मला मोलाचे वाटते.

या शाळांचे फळ काय होते, हे पाहायचे असेल तर मुक्ता साळवेचा निबंध वाचावा. मांग समाजातील ही मुलगी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने विचारला. अक्षरओळख झाल्यापासून अवघ्या तीनेक वर्षांत एका मुलीने शहरातल्या सर्वांत मोठ्या प्रश्नाला हात घातला होता. मुलींना वाचता-लिहिता आले तर त्या काय करतील, या भीतीने ज्यांनी शाळेला विरोध केला, त्यांची भीती एका अर्थाने खरी ठरली, आणि ती खरी ठरली याचा मला आनंद आहे.

सावित्रीबाईंवर लोकांनी शेण आणि दगड फेकले, त्या जवळ दुसरे लुगडे ठेवत, ही हकिकत महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती सांगायलाच हवी. पण तितक्याच आग्रहाने १८७७ सालचे त्यांचे पत्रही सांगायला हवे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाचे काम घेऊन त्या जुन्नरजवळच्या ओतूर भागात होत्या. सावकारांविरुद्ध उठाव होत होता आणि मदतकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले होते. त्या एप्रिल महिन्यात ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई सांगतात की त्या स्वतः कलेक्टरांना भेटल्या, कार्यकर्त्यांची बाजू मांडली, आणि परिणामी कार्यकर्त्यांची सुटका होऊन ज्वारीने भरलेल्या गाड्याही मदतीसाठी पाठवल्या गेल्या. ज्या काळात उच्चवर्णीय घरांतील स्त्रिया परपुरुषासमोर येतही नसत, त्या काळात एक माळी समाजातील बाई जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याशी दुष्काळनिवारणाविषयी वाद घालते आणि तो जिंकते. पुण्याच्या नागरी नेतृत्वाचा इतिहास लिहायचा असेल तर माझ्या मते त्याचे पहिले पान इथे आहे. त्याच दुष्काळात धनकवडीला उपासमार झालेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले गेले.

त्याआधी १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या गंज पेठेतील घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. तिथे ब्राह्मण विधवा गुपचूप येऊन बाळंत होत आणि मूल तिथेच ठेवून जाऊ शकत. या बाळंतिणींची सेवा कोण करत होते? घरातली बाई, म्हणजे सावित्रीबाई. त्याच घरात जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जोतीरावांचे निधन १८९० मध्ये झाले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे पुढे धरायचे मडके, सावित्रीबाईंनीच धरले होते, आणि १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानीही त्याच होत्या. म्हणजे पतीच्या पश्चात सात वर्षे त्यांनी चळवळीची धुरा वाहिली. तरीही आपण त्यांना पुन्हा पुन्हा १८४८ च्या एका वर्गातच उभे करतो.

सावित्रीबाईंच्या हयातीतच पुण्यात दुसरी धारा सुरू झाली, आणि या दोन धारांमध्ये फारसे बोलणे झाले नाही, हे पुण्याचे मोठे दुर्दैव आहे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोविशीचे, नुकतेच वैधव्य आलेले, कडेवर मनोरमा ही लहान मुलगी, आणि संस्कृतवरील प्रभुत्वामुळे कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पदवी. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगासमोर साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, त्यांना प्रशिक्षण हवे, शाळातपासणीसाठी स्त्रिया नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मला यात लक्षणीय वाटते ते असे, की त्यांनी मुलींना शिकवा एवढेच म्हटले नाही, तर त्या शिक्षणाच्या टोकाला बाईसाठी पगाराची नोकरी असली पाहिजे हे सरकारला ऐकवले. पुढे पुण्यात जे जे उभे राहिले त्यातले बरेचसे या मागण्यांच्या यादीतून निघाल्यासारखे दिसते.

पुण्याच्या छावणी भागात फ्रान्सिना सोराबजी त्याआधीपासून शाळा चालवत होत्या. त्यांची कन्या कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकली, तर दुसरी कन्या सूझी हिने सेंट हेलेनाज ही शाळा काढली. पेठांमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाला हे घराणे परके वाटत आले आहे, कारण ते ख्रिस्ती आणि पारशी पार्श्वभूमीचे होते. पण पुण्यातील स्त्रीशिक्षणाची हकिकत त्यांना वगळून पूर्ण होत नाही.

१८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली. वामन आबाजी मोडक, रानडे, भांडारकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीसाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या उपस्थितीत झालेल्या सभेत रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतून भाषण वाचले. ज्यांनी त्यांच्या आठवणी वाचल्या आहेत त्यांना माहीत आहे की या कृत्याची किंमत त्यांना सभेत नव्हे तर घरात चुकवावी लागली. वाड्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे मारले, बोलणे टाकले. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या मडमेचा विटाळ होतो म्हणून धडा संपल्यावर शुद्ध व्हावे लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. आजच्या नजरेने हा सोशिकपणा काहींना खटकतो. मला तो त्यांच्या पुढच्या कामाची पूर्वतयारी वाटतो, कारण विरोध करणाऱ्या बायकांच्या मनात नेमके काय चालते हे त्या आतून शिकल्या, आणि त्यांनी पुढे काढलेल्या सेवासदन या संस्थेत येऊ पाहणाऱ्या विधवांच्या सासूबाईंशी बोलताना तेच ज्ञान कामी आले.

हुजूरपागेला विरोध झाला तो मुख्यतः अभ्यासक्रमावरून आणि शाळेच्या वेळेवरून. मुलींना अकरा ते पाच शाळेत बसवले तर घरकाम कोण करणार, इंग्रजी आणि गणित शिकून त्या संसाराला निकामी होणार नाहीत का, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून विचारले गेले. टिळकांचे राजकारणातील स्थान वादातीत आहे, पण या प्रश्नावर ते चुकीच्या बाजूला होते असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. शाळा चालू राहिली, आणि तिथून शिकून गेलेल्या मुलींमध्ये पुढे इरावती कर्वे यांच्यासारख्या विदुषीचे नाव आले.

पंडिता रमाबाईंनी इंग्लंड-अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्यात आणली. मुंबईत दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा म्हणजे गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, घरच्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘बाया’, झाल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादाने शारदा सदन हादरले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून घेतल्या, आणि काही वर्षांत रमाबाईंचे काम केडगावला गेले. पुण्याने त्यांना सामावून घेतले नाही. त्यांच्या धर्मनिष्ठेशी कुणाचा मतभेद असू शकतो. पण १८९६-९७ च्या दुष्काळात ज्या शेकडो मुलींना त्यांनी मध्य प्रांतातून आणून केडगावला जगवले, त्या मुलींना दुसरे कुणी आणायला गेले नव्हते.

त्यांनी सोडलेली पोकळी भरून काढली कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाने, म्हणजे विधवांसाठीच्या आश्रमाने. १८९६ मध्ये स्थापना आणि १९०० मध्ये हिंगण्याला स्थलांतर. इथे मला थांबून पार्वतीबाई आठवल्यांविषयी बोलायचे आहे, कारण त्यांचे नाव आज पुण्यातही क्वचितच ऐकू येते. बायांची ही धाकटी बहीण, देवरुखची, विशीत विधवा झालेली, पदरी मुलगा. लिहिणे-वाचणे त्या तरुणपणी शिकल्या, आश्रमाची अंतर्गत व्यवस्था त्यांनी सांभाळली आणि मग वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव फिरू लागल्या. केशवपनाची प्रथा त्यांनी स्वतःपुरती १९१२ मध्ये सोडली. १९१८ मध्ये, इंग्रजी पुरेसे येत नसताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे परक्यांच्या घरी धुण्याभांड्याची कामे करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवली आणि १९२० मध्ये परतल्या. कोकणातल्या एका विधवेने पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे केले. हिंगण्याच्या संस्थेला उभे राहण्यासाठी लागलेला पैसा असा आणा-आण्याने, रुपया-रुपयाने, अपमान गिळून जमा झाला आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाला दिलेली पंधरा लाखांची देणगी प्रसिद्ध आहे आणि ते विद्यापीठ आज त्यांच्या मातुःश्रींच्या नावाने ओळखले जाते. पण त्या देणगीपर्यंत संस्था जिवंत ठेवली ती अशा फिरत्या बायकांनी.

बायांची बाजूही विसरता कामा नये. विधवाश्रमाचे नाव विधवाविवाहाच्या चळवळीशी जोडले गेले तर लोक मुली पाठवणार नाहीत, म्हणून कर्व्यांनी दोन्ही कामे वेगळी ठेवली. धोरण म्हणून ते बरोबर असेल. पण त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना पतीच्या सर्वांत मोठ्या कार्यापासून दूर राहावे लागले, आणि वर नवऱ्याचे उत्पन्न संस्थेत जात असल्यामुळे संसाराची ओढाताण त्यांच्या वाट्याला आली. संस्थांच्या इतिहासात हा खर्च कुठल्याच खात्यावर मांडलेला नसतो.

आता रमाबाई रानडे. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. १९०९ मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुणे सेवासदन सुरू केले, तेही स्वतःच्या वाड्यात. शिवण, भाषा, प्रथमोपचार असे वर्ग सुरू झाले, प्राथमिक शिक्षिका तयार करणारे अध्यापिका विद्यालय निघाले, आणि मग परिचारिकांच्या शिक्षणाचा प्रश्न आला. ससून रुग्णालयात शिकण्यासाठी मुली पाठवायच्या होत्या. हे किती अवघड होते याची कल्पना आज येणार नाही. परिचारिका म्हणजे परक्या माणसाच्या, कुठल्याही जातीच्या माणसाच्या शरीराला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रीची पाळी करणे. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरातल्या विधवेला यातले एकही काम शक्य नव्हते. अन्न कुणी शिजवलेले खायचे हाही प्रश्न होताच. रमाबाईंनी या मुलींच्या राहण्याजेवणाची स्वतंत्र सोय लावली, घरोघरी जाऊन समजूत घातली आणि स्वतःच्या नावाची प्रतिष्ठा त्यांच्या पाठीशी उभी केली. रानड्यांच्या घरची बाई जबाबदारी घेते आहे म्हटल्यावर काही दारे उघडली. सार्वजनिक रुग्णालयातील परिचारिकेचे काम मराठी मध्यमवर्गीय स्त्रीसाठी मानाचे झाले, त्यामागे ही वर्षे आहेत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटायला जाणे, आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका पाठवणे, ही कामेही त्याच काळातली.

आणि मग नगरपालिका. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यात असा कायदा झाला की नगरपालिका आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करू शकेल. पुण्यात प्रश्न उपस्थित झाला की सक्ती मुलगे आणि मुली दोघांनाही करायची की आधी फक्त मुलग्यांना. पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलगे, असा एका मोठ्या गटाचा युक्तिवाद होता. वरवर तो व्यवहारी वाटतो. पण पैसा अपुरा असतो तेव्हाच शहराचा अग्रक्रम कळतो, आणि मुलींना नेहमी दुसऱ्या फेरीत ढकलले तर ती दुसरी फेरी येतच नाही, हे चाळीस वर्षे संस्था चालवलेल्या स्त्रियांना पक्के माहीत होते. १९२० च्या सुमारास रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्यातल्या स्त्रिया या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या. सभा झाल्या, मिरवणूक निघाली, नगरपालिकेला निवेदने दिली गेली. विठ्ठल रामजी शिंदे आणि ब्राह्मणेतर चळवळीतील लोक याच बाजूने उभे होते.

माझ्या दृष्टीने पुण्याच्या स्त्रियांच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की तोवर या स्त्रिया स्वतःच्या संस्थेसाठी देणग्या मागत होत्या. आता त्या कराच्या पैशांतला वाटा मागत होत्या. देणगी देणाऱ्याचे उपकार मानावे लागतात, कराच्या पैशांवर हक्क सांगता येतो. दुसरे कारण असे की हुजूरपागा आणि सेवासदन या संस्थांत येणाऱ्या मुली बहुतांशी ब्राह्मण आणि सुस्थित घरांतल्या होत्या, तर सक्तीच्या शिक्षणाची मागणी ही साळी, माळी, महार, मांग, मुसलमान अशा सगळ्यांच्या मुलींसाठी होती. सावित्रीबाईंच्या शाळा आणि रानड्यांचा वाडा यांच्यामधले अंतर पुण्यात सत्तर वर्षे टिकले होते. या एका मागणीत ते अंतर काही काळ मिटले. पुढे १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांना मतदानाचा अधिकार मान्य केला. त्या मागणीच्या चळवळीतही रमाबाई आघाडीवर होत्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

यानंतरचा काळ मी भराभर सांगतो, कारण त्यातली नावे अनेकांच्या आठवणीत आहेत. नगरपालिकेच्या राजकारणातील मोठे नाव असलेल्या न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे यांना लवकर वैधव्य आले. त्या कर्व्यांच्या विद्यापीठात शिकल्या, प्रागला जाऊन डॉक्टरेट मिळवून आल्या आणि त्याच विद्यापीठाच्या कामात रमल्या. चाळिशीच्या दशकात डॉ. बानू कोयाजी रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात आल्या, तेव्हा ते लहानसे प्रसूतिगृह होते. त्यांनी त्याचे मोठे सार्वजनिक रुग्णालय केले आणि तिथून वढू भागातील खेड्यांपर्यंत आरोग्यसेवा नेली. गावातल्याच मुलींना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकडे काम सोपवायचे, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि घरातल्या हिंसाचाराचा विषय, जो तोवर चार भिंतींत दाबला जात होता, तो शहराचा सार्वजनिक विषय केला.

नगरपालिकेत आणि पुढे महापालिकेत स्त्रियांची संख्या मात्र आरक्षण येईपर्यंत नगण्य राहिली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०१७ मध्ये मुक्ता टिळक महापौर झाल्या. ज्या घराण्यातल्या थोर पुरुषाने मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवण्याला विरोध केला, त्याच घराण्याची सून शहराची प्रथम नागरिक झाली, यात मला त्या घराण्याचा पराभव दिसत नाही. मधल्या सव्वाशे वर्षांत शाळांनी जे काम केले त्याचा पुरावा दिसतो. निवडून आलेल्या सगळ्याच नगरसेविका स्वतंत्रपणे कारभार करतात असे नाही, आणि पतीच कारभार पाहतो अशी उदाहरणे आहेत, हेही मान्य करायला हवे. पण नाव आधी पतीचे आणि काम मागून बाईचे, हा प्रवास पुण्याने पूर्वीही पाहिला आहे.

शेवटी अशा स्त्रियांविषयी, ज्यांचा उल्लेख या विषयावरच्या लेखांत सहसा येत नाही. कर्व्यांच्या विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायणन आणि पौर्णिमा चिकरमाने या कचरावेचक स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायला वस्त्यांमध्ये जात होत्या. तिथे त्यांच्या लक्षात आले की अक्षरओळखीआधी या बायकांचा प्रश्न कामाचा आहे : उकिरड्यावर हाताने कचरा उपसावा लागतो, पोलीस चोर समजून पकडतात, भंगारवाला वजनात फसवतो आणि शहर त्यांना कामगार मानतच नाही. यातून, बाबा आढावांच्या पाठिंब्याने, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. सदस्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आणि बहुसंख्य दलित. पहिली मागणी ओळखपत्राची होती, आणि त्यावर महापालिकेचा शिक्का हवा होता. तो मिळाला. मग वैद्यकीय विम्याची मागणी झाली, तीही मान्य झाली. या बायकांनी शहराला हिशेब मांडून दाखवला की त्या गोळा करतात तो माल कचरा डेपोपर्यंत वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च त्या वाचवतात. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, आणि आज तीन हजारांहून अधिक कष्टकरी त्यातून काम करतात. संस्थेच्या निर्णयमंडळात याच बायका बसतात, सह्या करतात, अधिकाऱ्यांशी बोलणी करतात.

मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ज्या समाजाचे दुःख लिहिले, त्याच समाजातील अनेक स्त्रिया या संघटनेत आहेत. आणि त्यांच्यापर्यंत शिक्षिका आल्या त्या हिंगण्याच्या आश्रमातून वाढलेल्या विद्यापीठातून. पुण्यातल्या दोन धारा मिळाल्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. ज्यांच्या कामावर हे शहर रोज सकाळी अवलंबून असते, त्यांचा करार मात्र ठराविक मुदतीचा असतो. मुदत संपत आली की मोठ्या कंपनीला ठेका देण्याची चर्चा सुरू होते, नूतनीकरण लांबते, आणि डोक्याला पदर बांधलेल्या या बायका फलक घेऊन महापालिकेच्या दारात पुन्हा उभ्या राहतात. पुढच्या वेळी त्या तिथे दिसल्या तर पुणेकरांनी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.